कार्डाची मागची बाजू

गुरुवार. हडपसर,
गाडीतळामागचा पालिकेचा दवाखाना.
बर्फाच्या डब्यात बाटल्या, बाकावर टोपड्यातली तोंडं,
आणि सव्वीस वर्षं माझी तीच चार वाक्यं:
कसली दिली, पुढची कधी, ताप आला तर काय,
कार्ड हरवू नका.
हे शेवटचं मी झोपेतही म्हणते,
असं आमचे हे सांगतात.

त्या दिवशी नातीला घेऊन गेनबा मगर आले,
सून केसपेपरच्या रांगेत.
चपलेत उजव्या पायाचं एक बोट कमी.
मी ओळखलं, आपल्यातलेच.
डाव्या मांडीत पाच रोगांची, उजवीत न्यूमोनियाची.
पोर रडली, म्हातारा तिच्याहून जास्त कळवळला.
मग कार्डावरच्या चौकटींवरून बोट फिरवत म्हणाला,
"हिचं सगळं लिहून ठेवलंय सिस्टर.
आमच्यासाठी असतं का हो काही?"

रांग मोठी होती.
"मोठ्या माणसांना नसतं, आजोबा,"
मी म्हणाले, आणि सुई यंत्रात कापली.
कट्.

रात्री भाकरी थापताना ते कट् पुन्हा ऐकू आलं.

नऊ वर्षं झाली माझ्या साखरेला.
प्रशिक्षणाच्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं:
मधुमेह असेल तर फ्लूची दरवर्षी,
न्यूमोनियाची डॉक्टरांना विचारून.
खाली दोन रेघा.
वही पेटीत, रेघाही पेटीत.
साखरेचे डॉक्टर साखर बघतात,
डोळ्यांचे डोळे, पायांचे पाय.
दंड कुणाच्याच वाट्याला आला नव्हता.
करोनात पहिल्याच दिवशी बाही वर केली होती मी,
पण तेव्हा भीती होती, रांग होती, फोटो होता.
जानेवारीच्या खोकल्याचा कोण फोटो काढतं?

शनिवारी डॉक्टरांना विचारलं.
"मी सांगणारच होतो," ते म्हणाले.
नऊ वर्षं सांगणारच होते.

आमच्या दवाखान्यात ती मिळत नाही,
मेडिकलमधून विकत आणली, बर्फात घालून.
बिल बघून हे म्हणाले, "एवढ्याची सुई?"
म्हटलं, तुमच्या बहिणीला आठ दिवस ऑक्सिजन लावला
त्याचं बिल अजून कपाटात आहे, काढू?
हे उठून पाणी प्यायला गेले.

वैजयंतीने टोचली.
मी डोळे गच्च मिटले. हसू नका,
हजारो पोरांना टोचलंय मी,
पण स्टुलाच्या या बाजूला कधी बसले नव्हते.
"ताप आला तर घाबरू नका," ती सवयीने म्हणाली.
"कार्ड?" मीही सवयीनेच विचारलं.
दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

चार आठवड्यांनी नात आली, गालांनी भरलेली.
मी रांग थांबवली.
"आजोबा, त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं.
असतं. आमच्याकडे फुकट नसतं, पण असतं."
"आता एकाहत्तराव्या वर्षी कशाला,
आता काय राखायचं राहिलंय?"
मी नातीकडे बोट दाखवलं नाही,
तसं सिनेमात दाखवतात.
मी त्यांच्या पायाकडे बघितलं.
तेही बघायला लागले.
"बोट गेलं तेव्हाही," ते जरा वेळाने म्हणाले,
"उशिराच विचारलं होतं मी."

मागून कुणीतरी ओरडलं, ओ सिस्टर, किती वेळ.

नातीचं कार्ड उलटं केलं,
जिथे काहीच छापलेलं नसतं.
पेनाने एक चौकट आखली, वाकडी.
गेनबा मगर. वय ७१. साखर.
फ्लू. न्यूमोनिया. डॉक्टरांना दाखवणे.
तारखेची जागा मोकळी ठेवली.
"हरवू नका," मी म्हणाले,
आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा
समोरच्याने मान हलवायच्या आधी
पुढच्या बाळाला हाक मारली नाही.